देऊळ डाव्या हाताला

ही सहल माझ्या नवऱ्याची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधीपासून त्यांनी कंबोडियाचं वेड घेतलं होतं. दगडाचं एवढं अवाढव्य देऊळ, भोवती खंदक, खंदकाला पाणी आणणारे कालवे, मैलोगणती पसरलेली तळी. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी पाणी कसं खेळवलं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मला विचाराल तर मला युरोप बघायचा होता. पण लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, या माणसानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. कोल्हापुरातल्याच एका सहलवाल्याकडं नावं दिली. आठ दिवस, चोवीस माणसं, आधी देवळं, मग दोन दिवस नदीतून बोटीनं, आणि रोज एक वेळ तरी आपलं जेवण. शेवटची अट कोल्हापूरकरांनी घातलेली असणार.

तिकिटं निघायच्या आठवड्यात ते मुरगूडला थोरल्या भावाकडं जाऊन आले आणि दारात चपला काढता काढताच म्हणाले, "माझ्या जागी वहिनीला ने."

थोरले दीर, त्यांना आम्ही सगळेच आण्णा म्हणतो, दीड वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती, बोलणंही दोन-तीन शब्दांपुरतं उरलं होतं. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, आमच्या आक्का. दीड वर्षात आक्कांनी गावाची वेस ओलांडली नव्हती. मलकापूरला सख्ख्या भाचीचं लग्न झालं, त्यालाही गेल्या नाहीत. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं त्यांना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवताना पाहिलं. ताट ओट्यावर, एक कान आण्णांच्या खोलीकडं. तुम्ही रोज अशाच जेवता का, म्हणून यांनी विचारलं, तर बसलं की उठायला वेळ लागतो, असं उत्तर आलं. एवढ्यावर यांनी ठरवून टाकलं. आण्णांकडं आठ दिवस स्वतः राहणार आणि वहिनीला पाठवणार. मस्कतच्या मुलाकडं जायचं म्हणून काढलेला आक्कांचा पासपोर्ट कपाटात पडून होताच.

मला राग आला. चांगला आला. त्याग करायचा तर माणसानं स्वतःच्या एकट्याच्या वस्तूचा करावा, दोघांच्या सामाईक वस्तूचा परस्पर करू नये, असं मी त्यांना ऐकवलं आणि दोन दिवस बोलले नाही. ते हसले. आपण दोघं परत जाऊ की, म्हणाले.

आक्काही काही नाचत आल्या नाहीत. आठ दिवसांत मागं काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, एवढंच त्यांचं चालू होतं. शेवटी माझ्या नवऱ्याला त्यांनी दोन दिवस शिकवलं. आण्णांना उशा लावून कसं बसवायचं, दुधात भाकरी किती वेळ भिजवायची, घास केवढा, तो डाव्या गालाकडं कसा सारायचा, मग गळ्याला बोट लावून गिळल्याचं कसं बघायचं. "गिळल्याबिगर दुसरा घास न्हाय," हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की शेवटी आण्णाच वैतागून डाव्या हातानं जा जा म्हणून खुणावू लागले. आक्कांची भीती तीच होती. घास अडकेल, ठसका लागेल आणि त्या तिथं नसतील.

विमानात आक्का खिडकीपाशी बसल्या आणि खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. सिएम रीपला उतरल्यावर पहिलं काम फोन. मोबाईलच्या पडद्यावर आण्णा दिसले, नुकती दाढी केलेले, गळ्याला टॉवेल बांधलेले. त्यांच्या शेजारी माझा नवरा बशी उंचावून दाखवत होता. आक्कांनी बशीतला घास बघितला आणि मोठा झाला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकोर वाट. लांबच लांब दगडी पूल, खाली खंदकाचं पाणी. ते पाणी बघून मला नवऱ्याची आठवण आली आणि रागही आला. आक्कांनी पहिल्याच दारात चपला काढून पिशवीत टाकल्या. इथं चपला काढायची गरज नाही, असं त्यांना तिघांनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अनवाणीच चालल्या.

आमची तिथली वाटाड्या चाळिशीची बाई होती. इंग्रजी चांगलं बोलायची, समजावून सांगायची हौस होती. तिचं बोलणं मराठीत करायचं काम आमच्या सहलीच्या मॅनेजरकडं. हा पन्नाशीचा कोल्हापूरचा गडी, आवाज तालमीतला. ती बाई पाच मिनिटं मन लावून बोलायची आणि हा सांगायचा, "लढाई हाय. आपलंच महाभारत. फोटो काढून घ्या." पण महाभारत खरोखरच होतं. देवळाभोवती चारही बाजूंनी लांब ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरलेल्या. पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर ती बाई आम्हाला उजवीकडं घेऊन गेली. कुरुक्षेत्र झालं, कोपरा वळून राजाची मिरवणूक झाली. हत्ती, छत्र्या, भालेवाले. चालून चालून पाय दुखले तरी भिंत संपेना. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. आक्का माझ्या पुढं होत्या. प्रत्येक मूर्तीला हात जोडत, कुठल्या देवाची ते न विचारता.

मग यमाची भिंत आली. रेड्यावर बसलेला, अंगाला हातच हात. खाली पापी माणसांचे हाल. तिथं ती बाई थांबली आणि समजावून सांगू लागली. मला इंग्रजी कळत असल्यामुळं मी तिच्याकडूनच ऐकलं. या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. ही चित्रं ओळीनं बघायची तर देऊळ डाव्या हाताला ठेवून चालावं लागतं. देवाच्या प्रदक्षिणेत ते उजव्या हाताला असतं, म्हणून ही फेरी अंत्यविधीतली असावी आणि देऊळ राजाच्या मरणोत्तर वास्तूसारखं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मॅनेजरनं मराठी केलं, "ही उलटी प्रदक्षिणा हाय म्हणं. आपल्यात मयताला घालत्यात तसली."

दोघं-तिघं हसले. एक बाई अगंबाई म्हणाली आणि फोटो काढायला वळली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी यमाकडं पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडं आणि त्या बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. पदर खोचला आणि आलो त्या वाटेनं माघारी निघाल्या.

मॅनेजरनं मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे माझं माणूस मी आणायचं. मिरवणुकीतल्या हत्तींपाशी मी त्यांना गाठलं आणि कुठं निघालात म्हणून विचारलं.

"आलो तसं माघारी जाऊन उलगडून येतो," आक्का म्हणाल्या. "मग सरळ एक घालतो." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयीही येतो, जातो असंच बोलतात.

समोरून माणसांचा लोंढा येत होता, सगळे देऊळ डाव्या हाताला ठेवून. त्यात आम्ही दोघीच उलट. मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय. दोन-चार परदेशी माणसांना आमच्या अंगावरून वाट काढावी लागत असताना मी आक्कांना तिथंच उभं करून तास घेतला. ही आता बघायची जागा आहे, रोज हजारो माणसं याच बाजूनं फिरतात, त्यांच्या घरी काही मयतं पडत नाहीत. इथून तुम्ही डावीकडून चाललात काय आणि उजवीकडून चाललात काय, मुरगूडला आण्णांच्या घशातल्या घासाला ते ठाऊकसुद्धा नाही.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांची माणसं हिंडून-फिरून हायती. माजं हातरुणात हाय."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव मेला तसा नाही. शिवाय नवऱ्याच्या हक्काची जागा यांनी घेतलीय, हे कुठंतरी आत ठसठसत होतंच. मी म्हटलं, "मग मी आता पुरी उलटीच घालते. बघू कुणाला काय होतंय ते."

आक्कांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगंस." एवढं म्हणून त्या निघून गेल्या.

मी परत जाऊन लोकांत मिसळले. बोलल्याप्रमाणं केलंही. यमाच्या पुढं गेले, कोपरा वळले, पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथनाच्या भिंतीशी आमचा घोळका फोटो काढत थांबला होता. मॅनेजरनं डोकी मोजली, तेवीस. आक्का स्वतःची वेगळी फेरी घालतायत म्हणून मी सांगितलं. तेवढ्यात त्या समोरूनच आल्या. अनवाणी, हात जोडलेले, ओठ हलतायत, देऊळ उजव्या हाताला. आमच्या तेवीस जणांमधून वाट काढत गेल्या, माझ्याकडंही पाहिलं नाही. कुणी चेष्टा केली नाही. एक गृहस्थ तर बाजूला सरकून त्यांना वाट देताना आपोआप नमस्कार करून बसले. मी उत्तरेच्या बाजूनं चालत राहिले आणि माझी फेरी पुरी केली.

पश्चिमेच्या दारात सगळे जमले. जेवणाची वेळ टळत होती, तिकडं बस उभी होती. आक्का दक्षिणेच्या ओवरीतून आल्या, उंबऱ्याला डोकं टेकलं. झालं एकदाचं, असं मला वाटलं. तर त्या उठल्या आणि पुन्हा डावीकडं निघाल्या.

मी हाका मारल्या. थांबल्या नाहीत. मॅनेजर मोठ्यानं म्हणाला, मावशी, रस्सा गार व्हायला लागलाय. लोक हसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पळत गेले. लंकेच्या लढाईची, माकडांची भिंत आहे, तिच्या मध्यावर त्यांना गाठलं आणि दंडाला धरलं. एक झाली की, म्हटलं. एवढी एकच, पळत जाऊन येतो, म्हणाल्या. मी म्हटलं, तेवीस माणसं तुमच्यासाठी उन्हात उभी आहेत, पुण्याचा इतका हावरटपणा बरा नाही. आणि ओढलं. अगदी बाजारात हट्ट करणाऱ्या पोराला ओढतात तसं. त्यांनी एकदा मागं वळून भिंतीच्या टोकापर्यंत पाहिलं. मग मुकाट्यानं माझ्याबरोबर आल्या.

पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. आणखी देवळं झाली. एका ठिकाणी झाडांच्या मुळ्यांनी देऊळ धरून ठेवलेलं होतं, एका ठिकाणी नुसते दगडी चेहरे. आक्का प्रत्येक ठिकाणी आधी देऊळ कुठल्या हाताला येतंय ते बघायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या.

मग बोट. आधी मोठं तळं, तोन्ले साप त्याचं नाव, आणि त्यातून निघणारी त्याच नावाची नदी. त्या नदीनं खाली नाम पेनपर्यंत जायचं. बोट नेटकी होती. आम्हा दोघींना मिळून एक चिमुकली खोली, त्यात दोन खाटा. भांडण झालेल्या दोन जावांना ती जागा फारच कमी पडते. मी पुस्तक घेऊन आत बसायचे आणि आक्का वर डेकवर खुर्ची टाकून. काठानं उंच खांबांवर बांधलेली घरं जात होती, पाण्यावर तरंगणारी घरं जात होती. एका तरंगत्या घराच्या दारात एक बाई भांडी घासत होती आणि घासायची राख तिथंच पाण्यात जात होती. हिनं चूल कुठं मांडली असंल, हे आक्कांचं दोन दिवसांतलं माझ्याशी पहिलं आपणहून बोलणं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

दुपारी त्या वाटाड्या बाईनं नदीची गंमत सांगितली. पावसाळ्यात पलीकडच्या मेकाँगला इतकं पाणी येतं की ते या नदीत घुसतं आणि ही नदी उलटी फिरून तळ्याकडं वाहायला लागते. पाऊस सरला की पुन्हा सरळ होते. मॅनेजर म्हणाला, "ही नदी काय म्हयनं उलटी वाहती. ह्यांच्यात सगळंच उलटं हाय." मी धास्तावून आक्कांकडं पाहिलं. आता या बोटीतून उतरायचं म्हणतात की काय.

आक्का पाण्याकडं बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "फुगवटाच की हा."

बरोबर होतं. महापुरात कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगत येतं. त्याला आमच्याकडं फुगवटा म्हणतात आणि नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही तो कळतो. माझा नवरा आयुष्यभर त्याचीच मापं घेत होता. आक्का मुरगूडच्या, वेदगंगेच्या काठच्या. त्यांना सांगायला वाटाड्या लागत नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "फुगवटा उतारला की नदी सरळच जाती. न्हाय?"

"जाते की," मी म्हटलं.

आमचं भांडण तिथं मिटलं. आक्कांनी पिशवीतून भडंग काढलं, चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं, शेजारच्या खुर्चीतल्यांनाही दिलं. संध्याकाळी फोन लागला तेव्हा मी नवऱ्याला नदीचं सांगितलं. ते लहान पोरासारखे खूश झाले. पातळी किती फुटांनी वाढते, मोजपट्टी कुठं लावलीय, प्रश्नावर प्रश्न. मी म्हटलं, तुमचं तुम्हीच येऊन बघा. पुढच्या वर्षी, ते म्हणाले. मागं आण्णा भाकरी चघळत होते, आणि यांचं एक बोट त्यांच्या गळ्याला होतं.

आम्ही परत आलो. आण्णा होते तसेच होते. आक्कांना बघून अर्ध्या तोंडानं रडले. माझा नवरा घास भरवण्यात इतका तरबेज झाला होता की नंतर महिन्यातून दोनदा मुरगूडला जाऊन भावाला तोच जेवू घालायचा आणि आक्का तेव्हा बसून जेवायच्या.

आठ महिन्यांनी माझा नवरा गेला. सकाळी चहा घेत पेपरात धरणाचा पाणीसाठा बघत होते. मी भाजीवालीशी बोलून आत आले तर मान कलली होती. कप अर्धा भरलेला होता. डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून लिहून दिलं. त्याआधी त्यांना साधी साखरही नव्हती.

बायकांनी स्मशानात जायची आमच्यात पद्धत नाही. मी गेले. आमच्या मुलानं खांद्यावर मडकं घेतलं आणि चितेभोवती फेऱ्या घातल्या. बापाला डाव्या हाताला ठेवून. मी मोजत होते, तीन झाल्या. त्या क्षणी मला काय आठवलं, ते मी कुणालाही सांगितलं नाही.

आक्कांचा मस्कतचा मुलगा आला होता, त्याच्यावर आण्णांना सोपवून आक्का माझ्याकडं येऊन राहिल्या. दहाव्याच्या आधी एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्यानं राहवेना. "आक्का, मी तिथं उलटी फेरी घातली. वर बोलूनही दाखवलं. तुमच्या मनात ते येत असेल," मी म्हटलं.

"त्येचा काय संबंध?" आक्का म्हणाल्या. तांदळातला हात थांबला नाही. "तू बगाय गेलतीस. बगाय गेलेल्या माणसाला कुटली आलीया प्रदक्षिणा?"

माझा जीव इतका हलका झाला की मला लाज वाटली. एवढं विज्ञान शिकवून शेवटी हे ऐकायला मी आक्कांच्या तोंडाकडं बघत होते. बोलणं वाढवायचं म्हणून मी सहज विचारलं, मग तुम्ही दुसऱ्यांदा का निघाला होतात? आण्णांची तर झाली होती.

आक्का सुपातले खडे वेचू लागल्या. सोड ते, म्हणाल्या. मी हट्ट धरला.

"पयली ह्यांची," त्या म्हणाल्या. "दुसरी तुज्या माणसाची. माज्या धन्याला आठ दिस भरवाय बसलावता त्यो, त्येच्या नावानं एक घालाय नगं व्हय?"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. सूप बाजूला सारून त्यांनी मला जवळ घेतलं आणि काय काय समजावत राहिल्या. अर्धी भिंत झालीती, देवाला पोचतंय, असलं काहीबाही. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

ती फेरी पुरी झाली असती तर ते आज असते, असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते माझ्यापुरतं बदलून घ्यायला मला जमणार नाही. पण त्या दगडांवरून एक बाई माझ्या नवऱ्यासाठी अनवाणी चालत निघाली होती, आणि तिला दंडाला धरून मागं ओढणारी मी होते.